कॉलेजचं गणित गटांत शिकवायचं तर: पहिल्या सत्राची तयारी

एफवाय बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा वर्ग. पन्नास-साठ मुलं, जमिनीला पक्के ठोकलेले बाक, एक फळा. अशा वर्गातही गटांत शिकवता येतं आणि चांगलं शिकवता येतं. मात्र त्यासाठीची बरीचशी मेहनत गट पाडण्यावर नाही, प्रश्न तयार करण्यावर घ्यावी लागते. नव्याने सुरुवात करणारे अनेकदा पुस्तकातलंच स्वाध्यायाचं उदाहरण देतात आणि ‘चौघं मिळून सोडवा’ म्हणतात. मग एक जण सोडवतो, दोघं उतरवून घेतात आणि चौथा मोबाइल काढतो. यात मुलांचा दोष नाही. एकट्याने सुटणाऱ्या उदाहरणाला चार डोकी लागतच नाहीत.

प्रश्न आधी, गट नंतर

प्रश्न तयार झाला की त्याला दोन कसोट्या लावा.

पहिली: प्रश्नातली गोष्ट हाताने झाका. उरलेलं गणित तसंच्या तसं सुटत असेल तर ती गोष्ट नुसती सजावट आहे. ‘एका टाकीतलं पाणी अमुक सूत्राने वाढतं, तर त्याचा दर काढा’ या प्रश्नात टाकीचा काही संबंध नाही. मुलं टाकी विसरून सूत्राचा डेरिव्हेटिव्ह घेतात, आणि ते बरोबरच करतात. खऱ्या प्रश्नात संदर्भ काढला की उत्तर अडायला हवं.

दुसरी: प्रश्नात कुठेतरी निर्णय घ्यावा लागतो का? कोणतं गृहीत धरायचं, कोणती पद्धत लावायची, कोणता आकडा सोडून द्यायचा, असं काहीतरी. निर्णय असला की मतभेद होतात, आणि मतभेद झाला की गट आपोआप बोलू लागतो. हे नसेल तर बाकीची सगळी व्यवस्था वाया जाते.

पुण्याकडच्या वर्गाला पावसाळ्यात हमखास लागू पडणारा एक प्रश्न इथे पूर्ण उलगडून दाखवतो. खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडलेला विसर्ग बातम्यांमध्ये क्युसेकमध्ये येतो आणि धरणाचा साठा टीएमसीमध्ये. एक दर आहे, दुसरा साचलेला परिणाम. इंटिग्रलचा अर्थ शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण शोधायची गरज नाही.

पहिली पायरी सगळ्यांना जमेल अशी ठेवा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. विसर्ग २४ तास १०,००० क्युसेक राहिला तर किती पाणी गेलं? दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणजे ८६.४ कोटी घनफूट, म्हणजे ०.८६४ टीएमसी. पाच मिनिटांत प्रत्येक गट इथवर पोचतो. वर्गातलं सगळ्यात कच्चं मूलही या पायरीवर काहीतरी बोललेलं असतं, आणि पुढच्या पायरीसाठी ते महत्त्वाचं आहे.

दुसऱ्या पायरीला तक्ता द्या. आकडे शिकवण्यासाठी सोपे केले आहेत: सकाळी ६ वाजता ५,००० क्युसेक, ९ वाजता १२,०००, दुपारी १२ वाजता २२,०००, ३ वाजता २७,०००, संध्याकाळी ६ वाजता १८,०००. या बारा तासांत किती पाणी सोडलं? बस्स, एवढंच विचारा. पद्धत सांगू नका. काही गट समलंब चौकोनांचा नियम (दोन नोंदींमधला बदल सरळ रेषेत धरणारा) लावतील: उत्तर ०.७८३ टीएमसी. सिम्पसनचा नियम (नोंदींमधून गुळगुळीत वक्र धरणारा) नुकताच शिकलेले ०.८०३ काढतील आणि ‘हा नियम जास्त अचूक’ असं ठामपणे सांगतील. एखादा गट नुसती सरासरी घेऊन १२ तासांनी गुणेल.

सगळ्यांची उत्तरं फळ्यावर एकाखाली एक लिहा, पण बरोबर कोणतं ते सांगू नका. आता दुसरी चिठ्ठी वाटा. त्यावर पाटबंधारे विभागाच्या सूचनेच्या धर्तीवर एकच ओळ: ‘सुरू असलेला विसर्ग वाढवून दुपारी १२ वाजता २२,००० क्युसेक करण्यात येत आहे.’ विसर्ग हळूहळू चढत नाही, दरवाजे उचलले की बदलतो आणि पुढच्या सूचनेपर्यंत साधारण तेवढाच राहतो. म्हणजे हा पायऱ्यांचा आलेख आहे. मग प्रत्येक तीन तासांसाठी सुरुवातीचा आकडा धरायचा: ५,०००, १२,०००, २२,००० आणि २७,००० यांची बेरीज ६६,०००, गुणिले ३ तास, गुणिले ३,६०० सेकंद. उत्तर ०.७१३ टीएमसी. संध्याकाळी ६ चा १८,००० हा आकडा या बेरजेत येतच नाही, आणि त्यावरून जोरदार वाद होतो. होऊ द्या.

सिम्पसनच्या आणि या उत्तरात ९ कोटी घनफुटांचा, म्हणजे सुमारे २५५ कोटी लिटरचा फरक पडला. सिम्पसनचा नियम चुकीचा नाही. तो गुळगुळीत वक्रासाठी आहे आणि इथे वक्र गुळगुळीत नाही. सगळ्यात साधी दिसणारी डावीकडची (प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीच्या आकड्यांची) बेरीज इथे योग्य ठरते. कोणत्या पद्धतीमागे कोणतं गृहीत आहे, हे एवढ्या स्वच्छपणे फळ्यावरच्या व्याख्यानातून पोचवणं फार कठीण आहे.

वेगवान गटांसाठी तिसरी चिठ्ठी खिशात ठेवा: ‘त्याच बारा तासांत धरणातला साठा ०.१ टीएमसीने वाढला. मग धरणात येवा (आत येणारं पाणी) सरासरी किती क्युसेक होता?’ सोडलेलं पाणी अधिक वाढलेला साठा, भागिले ४३,२०० सेकंद: सुमारे १८,८०० क्युसेक. खडकवासल्याचा उपयुक्त साठाच सुमारे १.९७ टीएमसी आहे हे सांगितलं, की अर्ध्या दिवसात त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त पाणी नदीत गेलं हे मुलांच्या लक्षात येतं आणि आकड्याला वजन येतं.

आणखी चार प्रश्न, वापरायला तयार

सातत्य आणि डेरिव्हेटिव्हसाठी आयकर घ्या. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत शून्य, पुढच्या प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांवर ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० पर्यंतची पूर्ण सूट. गटाला विचारा: १२ लाखांवर कर किती, आणि १२ लाख १० हजारांवर किती? १२ लाखांवर ६०,००० कर आणि तेवढीच सूट, म्हणजे शून्य. १२,१०,००० वर टप्प्यांप्रमाणे ६१,५००. दहा हजार जास्त मिळवले म्हणून साडेएकसष्ट हजार भरायचे? आलेखावर १२ लाखांपाशी ६०,००० ची उडी आहे, फंक्शन तिथे तुटलंय. मुलांना ही उडी अन्यायाची वाटते आणि तीच भावना कामाला लावायची: ‘कायदा तुम्ही लिहिताय. ही उडी काढून टाका.’

काही गट स्वतःहून सीमांत सवलतीच्या (मार्जिनल रिलीफ) जवळ पोचतात: १२ लाखांवर जेवढी रक्कम जास्त, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. प्रत्यक्ष कायद्यात हेच आहे. मग पुढचा प्रश्न: ही सवलत कुठे संपते? १२ लाखांवरची रक्कम आणि ६०,००० अधिक त्याच रकमेचे १५ टक्के, हे दोन्ही जिथे समान होतात तिथे. ६०,००० भागिले ०.८५ म्हणजे ७०,५८८. तेव्हा १२ लाख ते सुमारे १२,७०,५८८ या पट्ट्यात आलेखाचा उतार १ आहे, हाती येणारं उत्पन्न जागच्या जागी. आता ४ टक्के उपकर जोडायला सांगा. उतार १.०४ होतो आणि १२,१०,००० मिळवणाऱ्याच्या हाती १२ लाखवाल्यापेक्षा ४०० रुपये कमी पडतात. फंक्शन सतत असूनही त्याचा उतार माणसाच्या खिशावर कसा बसतो, हे इथे कळतं. कर दरवर्षी बदलतो. प्रश्न वापरण्याआधी त्या वर्षीचे टप्पे तपासा.

महावितरणचं घरगुती बिल हा याचाच सोपा भाऊ. दर १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतो. १०१ वं युनिट पडलं की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो, असा घरोघरी समज आहे. प्रत्येक गटाने एक खरं बिल आणायचं (नाव, ग्राहक क्रमांक झाकून), आलेख काढायचा आणि तो समज तपासायचा. आलेख सलग येतो, पण त्या तीन ठिकाणी कोपरा. डेरिव्हेटिव्ह कुठे नसतो याचं उदाहरण म्हणून मापांकाच्या (|x|) आलेखाआधी हे द्यावं.

डिफरन्शियल इक्वेशनसाठी चहा आणि न्यूटनचा निवण्याचा नियम: निवण्याचा दर चहा आणि खोली यांच्या तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात असतो. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. खोलीचं तापमान २८ अंश, चहा सुरुवातीला ८२, दहा मिनिटांनी ६४. तापमानातला फरक ५४ वरून ३६ वर आला, दीड पटीने घटला. म्हणून स्थिरांक ०.४०५ भागिले १०, मिनिटाला सुमारे ०.०४. चहा ५५ अंशांवर कधी येईल? फरक निम्मा होतो तेव्हा, साधारण १७ मिनिटांनी. इथे मुलं खोलीचं तापमान वजा करायला विसरतात. शिवाय उघड्या कपात सुरुवातीला वाफेमुळे चहा नियमापेक्षा वेगाने निवतो, त्यामुळे फरकाच्या लॉगचा आलेख पहिल्या काही मिनिटांत सरळ येत नाही. एका गटाला कप झाकून मोजायला सांगा; दोन आलेख शेजारी ठेवले की नियमाची मर्यादा दिसते. पंखा मात्र सगळ्यांसाठी बंद.

कॉमर्सच्या वर्गाला कर्जाचा हप्ता द्या. ५ लाख, ५ वर्षं, ९ टक्के घटत्या शिलकीवर: हप्ता सुमारे १०,३७९ रुपये. दुसरा सावकार ‘फ्लॅट ९ टक्के’ (पाचही वर्षं मूळ रकमेवरच व्याज) म्हणतो: हप्ता १२,०८३. मग या दुसऱ्याचा खरा दर किती? समीकरण सरळ सुटत नाही, न्यूटन-रॅफसन (टप्प्याटप्प्याने उत्तराजवळ नेणारी पद्धत) लावावं लागतं आणि उत्तर सुमारे १५.७ टक्के येतं.

गट पाडणं आणि साहित्य

तीन किंवा चार जण. पाच झाले की एक बाहेर पडतो. बाक पक्के असतील तर पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे तोंड करून बसायचं, मधल्या डेस्कवर काम. तेही शक्य नसेल तर एका बाकावर तिघं आणि कामाची पाटी मधल्याच्या समोर.

गट चिठ्ठीने पाडा, मुलांवर सोडू नका. नाहीतर मैत्रीप्रमाणे आणि अनेकदा माध्यमाप्रमाणे गट पडतात. पत्त्यांचा जोड सगळ्यात सोयीचा. ५२ पत्ते म्हणजे १३ गट: सगळे सत्तेवाले एकत्र, सगळे राजेवाले एकत्र. साठ मुलं असतील तर वेगळ्या पाठीच्या दुसऱ्या जोडातले आठ पत्ते घाला. दारात पत्ता द्यायचा आणि कोणत्या बाकावर कोणता पत्ता ते फळ्यावर आधीच लिहून ठेवायचं, म्हणजे दोन मिनिटांत वर्ग बसतो. एखाद्या गटात एकच मुलगी येत असेल तर पत्ता बदलून दोघी करा. एकटी असेल तर ती बहुधा नुसती लिहून घेत बसते. हुशार-कच्चे असे गुणांवरून गट करू नयेत. मुलांना ते पहिल्याच दिवशी कळतं.

गटाला एकच पाटी आणि एकच मार्कर. प्रत्येकाच्या वहीत वेगवेगळं काम सुरू झालं की गट संपला. चकचकीत पांढऱ्या सनमायकाचा ८ बाय ४ फुटांचा एक पत्रा आणा आणि २ बाय २ फुटांचे आठ तुकडे कापून घ्या. दोन पत्र्यांत सोळा पाट्या. मॅट फिनिशचा घेऊ नका, शाई पुसली जात नाही. कापलेल्या कडा धारदार असतात, त्यांना चिकटपट्टी लावा. दिवसभर राहिलेली शाई थोड्या सॅनिटायझरने निघते. पैसे नसतील तर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चालते.

तासाची आखणी

साठ मिनिटांचा तास असा बसवा: ५ मिनिटं प्रश्नाची ओळख, ३ मिनिटं प्रत्येकाने एकट्याने आणि शांतपणे वाचणं, २५ मिनिटं गटाचं काम, १५ मिनिटं पाट्यांवर चर्चा, ७ मिनिटं शिक्षकाची मांडणी, ५ मिनिटं प्रत्येकाने वहीत स्वतःच्या शब्दांत नोंद. ४८ मिनिटांचा तास असेल तर गटाचं काम १८ आणि चर्चा १० मिनिटांवर आणा, पण सुरुवातीची तीन शांत मिनिटं कापू नका. ती कापली की सगळ्यात चटकन वाचणारा बाकीच्यांच्या वतीने विचार करून मोकळा होतो.

मार्करचा नियम: ज्याच्या हातात मार्कर, त्याने स्वतःची कल्पना लिहायची नाही, इतर सांगतील तेच लिहायचं. पहिला मार्कर किलवरवाल्याकडे, सहा-सात मिनिटांनी चौकट, मग बदाम, मग इस्पिक. ‘बदला’ एवढंच मोठ्याने सांगा.

बोलणं मराठीत होऊ द्या. बारावीपर्यंत इंग्रजी पाठ्यपुस्तकं वाचलेली असली तरी अनेक मुलं वाद मराठीतच घालतात, आणि इंग्रजीची सक्ती केली की निम्मा वर्ग गप्प होतो. प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत द्यावी. पाटीवर चिन्हं असतातच.

तुमचं काम फिरत राहणं. मुलं हमखास विचारतात, ‘सर, बरोबर आहे का?’ उत्तर देऊ नका. ‘मॅडम, एक हिंट द्या ना’ याला मात्र एकदम नकार नको. गट खरंच अडला असेल तर उत्तराकडे नेणारी नाही, तर मुलांना पुन्हा प्रश्नाकडे वळवणारी विचारणा करा: ‘९ ते १२ च्या मध्ये, साडेदहाला विसर्ग किती असेल असं तुम्ही धरलंय?’ गटातल्या ज्याने सगळ्यात कमी बोललंय त्याला ‘तुम्ही काय केलंत?’ असं विचारा. सांगता आलं नाही तर ‘यांना समजावून सांगा, मी परत येतो’ म्हणून पुढे जा, आणि खरोखर परत या. दोन-तीन तासांत गटाला कळतं की एकाला कळून भागत नाही.

चर्चेच्या वेळी आधी अपुरी पाटी उभी करा, मग वेगळ्या पद्धतीची, शेवटी पूर्ण झालेली. पूर्ण उत्तर आधी दाखवलं तर बाकीच्यांना बोलायला काही उरत नाही. सगळा वर्ग एकाच चुकीच्या उत्तरावर एकमत झाला, तर ‘चूक’ म्हणण्याऐवजी टोकाचा आकडा द्या: करात १२ लाख १ रुपया, धरणात संध्याकाळी ६ ला दरवाजे पूर्ण बंद.

आवाज होणारच. शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना आधी सांगून ठेवा.

मुलांची तक्रार आणि अभ्यासक्रमाची काळजी

‘सर काही शिकवतच नाहीत’ ही तक्रार पहिल्या महिन्यात येईल. २०१९ साली हार्वर्डच्या पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं: स्वतः करत शिकणाऱ्या मुलांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांना वाटत होतं. डोक्याला ताण पडतो तेव्हा माणसाला शिकल्यासारखं वाटत नाही. ही गोष्ट मुलांना पहिल्याच तासाला सांगा. विभागप्रमुखांना पटवायचं असेल तर २०१४ चं विश्लेषण सांगा: विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र पाहिल्यावर, निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के आणि सक्रिय शिक्षणाच्या वर्गांत २१.८ टक्के आढळलं.

गटकार्य म्हणजे कच्च्या मुलांसाठी सोपं काहीतरी, असाही एक गैरसमज आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे युरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी जे वर्ग उभे केले, त्यांत उजळणी नव्हती. मुलं एकेकटी अभ्यास करत होती, त्यांना एकत्र बसवून मुद्दाम अवघड प्रश्न दिले, आणि त्याचा उपयोग झाला. म्हणून प्रश्न सोपा करू नका. पहिली पायरी सोपी ठेवा.

पंधरा आठवड्यांच्या सत्रात पहिल्या वर्षी असे चार तास पुरेत. हे तास जादा घ्यायचे नाहीत, व्याख्यानाच्या जागी घ्यायचे: धरणाचा तास झाल्यावर रीमान बेरजेची (अशा तुकड्यांच्या बेरजेतून इंटिग्रल काढण्याची) ओळख पुन्हा फळ्यावर करायची नाही, थेट व्याख्या आणि सिद्धता. चारच्या जागी दहा तास ठरवणाऱ्यांची दमछाक होते आणि पुढच्या वर्षी सगळंच बंद पडतं.

गुण देताना अंतर्गत २० असतील तर गटाच्या कामाला ५, त्याहून जास्त नको. बाकी वैयक्तिक: पुढच्या तासाला दहा मिनिटांची चाचणी, तोच प्रश्न, एक गृहीत बदलून. ‘दरवाजे एकदम न उचलता दोन सूचनांच्या मधल्या तीन तासांत सारख्या गतीने उचलले, तर तुमच्या गटाचं उत्तर कसं बदलेल आणि का?’ इथे समलंब चौकोनांचा नियम योग्य ठरतो. पाटीवरचं उतरवून घेतलेल्याला हे येत नाही.

तास संपल्यावर पाट्या पुसण्याआधी प्रत्येकीचा फोटो काढा आणि त्याच दिवशी प्रश्नाच्या कागदाच्या मागे तीन गोष्टी लिहा: गट कुठे अडले, कोणता शब्द समजला नाही, कोणती चिठ्ठी कधी द्यावी लागली. पुढच्या वर्षी त्या नोंदींवरून प्रश्नाचा कागद दुरुस्त करा, आणि आकडे त्या वर्षीच्या वर्तमानपत्रातले घाला.